पुरुषांच्या वर्गातला टार्ट

वॉरेल्ला, मरे नदीकाठ
१० डिसेंबर १९९३

चि. वाल्डास,
अ. उ. आ.

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. चित्रात बर्फ आहे. इथे पत्र्यावर अंडं फुटलं तर तळून निघेल असं ऊन आहे आणि तू मला बर्फ पाठवतेस. असो. जर्दाळू यंदा लवकर धरले आहेत. नाताळ आटोपला की शेडमध्ये कापणी सुरू.

आता खरी बातमी. आपल्या भावाला, मर्व्हला, म्हातारचळ लागला आहे. बाईचं नाव लोरेल, राहणार नदीपलीकडे पाइक्स बेंडला. हिने नवऱ्याला सोडलं की नवऱ्याने हिला, ते अजून कळलं नाही; चौकशी चालू आहे. धंदा काय, तर घरोघरी बायका जमवून अंगाला लावायचं सुवासिक लोणी विकते. लोणी, वाल्डा! अंगाला!

रविवारी मर्व्ह तिला चहाला घेऊन आला. बाई फाटकापाशी होती तेव्हाच वास ओट्यापाशी पोचला होता. कुत्रा शिंकत शिंकत शेडमध्ये गेला तो रात्रीपर्यंत बाहेर आला नाही. मला तिने एक डबी भेट दिली, पॅशनफ्रूट आणि व्हॅनिला. उघडून पाहिली तर कस्टर्डवर ओतावी अशी. खायच्या वस्तूचा वास अंगाला लावल्यावर समोरच्या माणसाने करायचं काय? चाटायचं? डबी मोरीखाली फिनेलशेजारी ठेवली आहे.

मर्व्ह मात्र तिच्याकडे असा बघत होता की मला चहा गिळवेना. मी हसते आहे असं समजू नकोस. ग्वेनसारखी बायको गेल्यावर तो रेल्वेची नोकरी सोडून इथे कुंपणापलीकडच्या खोलीत आला, तेव्हापासून रोज संध्याकाळी तो माझ्याकडे जेवतो. त्याला अंडं उकडता येत नाही. मी त्याला कप विसळू दिलेला नाही. उद्या हा पाइक्स बेंडला राहायला गेला तर तिथे काय खाईल? क्रीम?

तब्येतीला जप. माया आहे तशीच ठेव.
तुझी
नेस्टाताई


ग्लेनेल्ग
२८ डिसेंबर १९९३

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारीण बघायला आली. मग तिलाही वाचून दाखवलं. रागावू नकोस.

मर्व्ह डोळ्यांच्या डॉक्टरकडे आला होता, दोन दिवस माझ्याकडेच होता. त्याच्याबरोबर लोरेलने मलाही एक डबी पाठवली, पीचची. मी ती फिनेलशेजारी ठेवली नाही, कारण मी मूर्ख नाही. ताई, काय सांगू तुला! संध्याकाळी समुद्रावरून आले की टबात कोमट पाणी भरते, त्यात गार्डेनियाच्या तेलाचे थेंब टाकते आणि बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत पडून राहते. मग ते क्रीम टाचांपासून मानेपर्यंत. माझ्या टाचा तू पाहिल्या आहेस. आता त्या चादरीत अडकत नाहीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी कोणी हात लावत नाही गं, निदान आपण तरी आपल्याला प्रेमाने हात लावावा.

आणि अंगाला पीचचा वास सुटला की खायलाही पीच हवेसे वाटतात, म्हणून बाजारातून पिशवीभर आणले. फोडी केल्या, साखर, थोडं आलं, वर लोणी-मैद्याचा चुरा, आणि ओव्हन. रस कडेने उतू जाऊन तळाशी करपला, तो खरवडून मी उभ्याउभ्या खाल्ला. अंगाला एक पीच, तोंडात दुसरा. यात पाप काय आहे ते मला पुढच्या पत्रात समजावून सांग.

तू पाप शोधशीलच. लहानपणी मी आईची पावडर लावली तेव्हा तू मला चुन्यात लोळलेली कोंबडी म्हणाली होतीस. तुझ्या नाकाला बाकी सगळ्या जगाचा वास येतो, ताई.

आपली कृपा असावी आणि जीभ थोडी आवरती घ्यावी, ही विनंती.
तुझी
वाल्डा


वॉरेल्ला
१६ जानेवारी १९९४

चि. वाल्डास,
अ. उ. आ.

पाप नाही, वेडेपणा आहे. पापाला निदान काही अक्कल लागते.

कापणी जोरात आहे. दिवसभर जर्दाळू चिरायचे, तबकात मांडायचे, गंधकाची धुरी द्यायची. सगळ्यांच्या हातांची सालटी निघाली आहेत. मर्व्हच्या तळव्यांना तर भेगा पडून रक्त आलं. मी म्हटलं, चरबी चोळ, आपले वडील तेच करायचे. तो म्हणाला, बघतो. हल्ली तो सगळ्याला बघतो म्हणतो.

शुक्रवारी बाईसाहेब शेडमध्ये अवतरल्या. पांढरी पँट! कापणीच्या शेडमध्ये पांढरी पँट! बरोबर जर्दाळूचा केक आणला होता. त्यात लव्हेंडर घातलं होतं. लव्हेंडर कपाटात कसर लागू नये म्हणून ठेवतात. चिरणाऱ्या मुली मात्र मिटक्या मारत खात होत्या आणि मनगटं पुढे करकरून क्रीम लावून घेत होत्या. शेडमध्ये गंधक, जर्दाळू आणि गार्डेनिया असा तिहेरी वास. मला एक तुकडा दिला, तो मी रुमालात बांधून कोंबड्यांना घातला. कोंबड्यांनी खाल्ला, पण त्या काहीही खातात.

तुला म्हणून सांगते, मला भीती वाटते. मर्व्ह आठवड्यातून दोन संध्याकाळी पलीकडे जातो. त्या दिवशी मी चूल पेटवतच नाही. एकटीसाठी कोण बटाटे सोलणार? तो कायमचा गेला तर हे घर मला खायला उठेल. तू दूर. नवरा म्हणावा तर क्लॅरी मातीत. उरला हा एक.

बरं, पाइक्स बेंडच्या शेतकी प्रदर्शनात यंदा मला परीक्षक बोलावलं आहे, ओव्हनमध्ये भाजायच्या पदार्थांचे सगळे वर्ग. 'फक्त पुरुषांसाठी' हा नवा वर्गही माझ्याच गळ्यात मारला आहे: जर्दाळूचा टार्ट, उघड्या पारीत फळांचं सारण. दरवर्षी पुरुष चॉकलेट केकची माती करायचे, यंदा जर्दाळूची करतील. अर्धे टार्ट बायकोच्या हातचे असतात आणि नवरा फक्त ताट धरून फोटोला उभा राहतो. यावेळी मी एकेकाला पकडणार आहे.

जीव लावतेस तसा लाव, क्रीम लावू नकोस.
तुझी
नेस्टाताई


वॉरेल्ला
३१ जानेवारी १९९४

चि. वाल्डास,
अ. उ. आ.

पकडलं!

प्रदर्शनाची रीत तुला ठाऊक आहे. ताटाशेजारी नुसता नंबर, नावाची बाजू पालथी. परीक्षकाने कापायचं, चाखायचं, कार्डावर शेरा लिहायचा आणि पुढे जायचं. नंतर कार्डं उलटतात आणि सगळा गाव शेरे वाचायला लोटतो.

पुरुषांच्या वर्गात सात टार्ट होते. पहिल्या पाचांबद्दल बोलण्यासारखं काही नाही, एक तर डब्यातल्या फळांचा होता, भर जानेवारीत! सहावा बघितला आणि थांबले. पारी पातळ, खुसखुशीत, तळाला गार करायच्या जाळीचा डाग नाही. कापला, चाखला, आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पारीला पॅशनफ्रूट आणि व्हॅनिलाचा वास! लोणी-मैदा चोळणाऱ्या हातांचा वास पारीत उतरतोच. ते हात कोणाचे हे मला सांगायला नको होतं.

आणि पुढे ऐक. सारणात जर्दाळूच्या बिया फोडून आतला कडू बदाम भाजून घातला होता. मोजून, नखाएवढा. हे आजीचं, मग आईचं, आणि आता फक्त माझं. मी ते कोणाला शिकवलेलं नाही. तुलाही नाही, तुला धीर नाही म्हणून. म्हणजे मर्व्ह माझ्या ताटात जेवला आणि घरातली चव त्या बाईला नेऊन दिली!

मी कार्डावर ठसठशीत लिहिलं: 'बाईच्या हातचा. अंगाचा वास. नियमाबाहेर.' बाद केला. पहिल्या बक्षिसाची निळी फीत डब्यातल्या फळांशेजारच्या एका बऱ्या टार्टला दिली.

दुपारी कार्डं उलटली. नाव: मर्व्हिन हॅसल. तो तिथेच उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, शेजारी ती. गाव शेरा वाचून खिदळत होता. मी चहाच्या टेबलाशी सगळ्यांदेखत त्याला म्हटलं की, बाईच्या जिवावर फीत मिळवायला लाज नाही वाटली?  ती काही बोलायला गेली, तर त्याने तिच्या हाताला हात लावून तिला थांबवलं आणि दोघं निघून गेले. चोराच्या मनात चांदणं.

संध्याकाळी तो जेवायला आला नाही. मटण तसंच पडून आहे. येईल भूक लागली की.

तुझी
नेस्टाताई


वॉरेल्ला, कुंपणापलीकडून
४ फेब्रुवारी १९९४

ती. ताईस,
सा. न.

टार्ट मी केला होता. तू मानणार नाहीस, म्हणून वाद घालत नाही.

जेवायला थांबू नकोस. उरलेले जर्दाळू फाटकाशी ठेवले आहेत, उन्हाच्या आत उचल, नाहीतर पक्षी खातील.

माझी माया कमी झालेली नाही. सध्या फक्त बोलणं होत नाही.
मर्व्ह


ग्लेनेल्ग
११ फेब्रुवारी १९९४

ती. ताईस,
सा. न.

मर्व्हचा फोन आला होता. तो तुझ्याविरुद्ध एक शब्द बोलला नाही. म्हणून मीच बोलते, आणि आज 'शि.' लिहायला हात वळला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

तो टार्ट त्यानेच केला, ताई. डोळ्यांच्या डॉक्टरचं निमित्त करून तो माझ्याकडे आला तेव्हा माझ्या ओव्हनमध्ये दोनदा सराव करून गेला. पहिल्यांदा पारी फाटली, दुसऱ्यांदा मी बोटं चाटली. कडू बदामाचं त्याला कोणी शिकवलं? तूच. तुझ्या टेबलाशी बसून तो तुझ्या हातांकडे बघत आलाय. तू कप विसळू देत नव्हतीस, पण डोळे तर बंद करायला सांगितले नव्हतेस. आणि तो वास? भेगाळलेल्या तळव्यांना तू चरबी सांगितलीस, लोरेलने क्रीम दिलं. त्याने क्रीम लावलं. बाईच्या हातचा म्हणे!

तुला अंडं उकडू न शकणारा भाऊ हवा होता, म्हणून तुला तो तसा दिसला. ग्वेन शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं दुखणं तिने कोणाला कळू दिलं नाही. त्या रेल्वेच्या घरात स्वयंपाक, धुणं, तिचं न्हाणं, सगळं तो करत होता. ती खात नसे, म्हणून तो तिला रोज काहीतरी वेगळं भाजून द्यायचा.

आता हे मी सांगणार नव्हते. क्लॅरी गेल्यावर तू चहा-बिस्किटावर दिवस काढत होतीस. तुझा कोट तुझ्या अंगावर लोंबत होता. मी मर्व्हला म्हटलं, ताईला कोणी जेवायला बस म्हटलेलं चालणार नाही, पण कोणी उपाशी आहे म्हटलं तर ती चूल विझू देणार नाही. म्हणून तो कुंपणापलीकडे राहायला आला, हात बांधून बसला आणि भुकेला झाला. तू त्याला जेवू घालत नव्हतीस, ताई. तो तुला जेवू घालत होता.

फीत त्याला तुझ्या हातून हवी होती. ती मिळाली की तो लग्नाचं सांगणार होता, आणि हेही, की दोघं पाइक्स बेंडला नाही, तुझ्या शेजारीच राहणार आहेत.

बाकी तुझा कीस काढायला मला वेळ नाही. पीच करपतायत.
वाल्डा


वॉरेल्ला
२७ फेब्रुवारी १९९४

चि. वाल्डास,
अ. उ. आ.

'शि.' गाळलंस ते पाहिलं. मी मोठी आहे, मी आशीर्वाद गाळत नाही.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मी ते फाडायला निघाले. मग म्हटलं, हिला ग्वेनचं ठाऊक होतं, मर्व्हचं ठाऊक होतं, सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि मी एकटी इथे बटाटे सोलत बसले होते! दोघांनी मिळून मला लहान मुलासारखं भरवलंत. याचा मला इतका राग आला की दोन दिवस मी तुम्हा दोघांशी भांडत घरभर फिरले. भांडायला घरात कोणी नव्हतं.

प्रदर्शनवाल्यांचा माणूस आला होता. म्हणाला, शेरा मागे घ्या, फीत बदलू. मी 'बाईच्या हातचा' एवढं खोडलं. बाकी नाही. वास होता. माझ्या भावाचा असला तरी वास होता. मला खोटं लिहिता येत नाही, चुकीचं समजता येतं एवढं सिद्ध झालं.

काल संध्याकाळी कुंपण ओलांडून गेले. दार लोरेलने उघडलं. डोक्यापासून पायापर्यंत घमघमाट. मी तिला म्हटलं की तुझ्या लव्हेंडरच्या केकवर माझ्या कोंबड्या खूश होत्या. ती हसली. दात चांगले आहेत. वाल्डा, ती मला आवडत नाही, आणि लग्नाला आले तरी मी पांढरं घालणाऱ्या बाईचं कौतुक करीन अशी आशा कोणी ठेवू नये. पण मला बघून तिने तोंड फिरवलं नाही. मी तिच्या जागी असते तर दार लावून घेतलं असतं.

मर्व्ह ओट्याशी होता. कमरेला फडकं, कढईत कांदा. मी दारातच उभी राहिले. मनात होतं ते राहिलं बाजूला आणि तोंडातून निघालं काय, तर कांदा जास्त लाल झालाय. तो वळला नाही. म्हणाला की ज्यांना दिसतं त्यांनी येऊन हलवावा, नाहीतर बसावं. मी म्हटलं, बसते. इतक्या वर्षांत त्याच्यासमोर मी नुसती बसले नव्हते. हात कुठे ठेवायचे ते कळेना.

मग मी त्याला म्हटलं की, मर्व्ह, तू जेवायला यायचा थांबलास तेव्हापासून मी चूल पेटवलेली नाही. त्याने कढई खाली घेतली. फडक्याला हात पुसले, ताटात वाढलं, माझ्यापुढे ठेवलं आणि समोर बसून राहिला. माझं होईपर्यंत त्याने स्वतःचं ताट घेतलं नाही.

मी सगळं संपवलं, वाल्डा. दुसऱ्यांदा मागूनही घेतलं.

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझी
नेस्टाताई