चषक परत मिळणार नाही

तीर्थस्वरूप मावशीस,

घुम्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तूर्त तो उभ्यानेच घातला आहे असं समज.) तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी जिना वर्ज्य सांगितला आणि तू त्याच दुपारी माळा आवरायला काढलास, असं तुझ्या धाकट्या बहिणीने, म्हणजे आमच्या मातोश्रींनी, कळवलं. तुला कोण काय सांगणार! तरी मलम लाव, आणि ते नुसतं हुंगून ठेवून देऊ नकोस.

गुरुवारी शाळा समितीची सभा आहे. अध्यक्ष तू आहेस आणि पहिलाच विषय ‘गणित शिक्षकाची बेशिस्त’ असा आहे. तो गणित शिक्षक मी. भाचा म्हणून सवलत द्यावीस असं माझं मुळीच म्हणणं नाही. (दिलीस तर कांगावाही करणार नाही.) पण मोठ्या बाईंचा अहवाल तुझ्या हातात पडण्याआधी झालं ते माझ्याकडून ऐक. त्या बाई वाईट नाहीत, फक्त त्यांचे अहवाल फार सुवाच्य असतात आणि सुवाच्य कागदावर माणसांचा चटकन विश्वास बसतो.

आमच्या सरकारी शाळेत रोज सकाळी पटांगणावर प्रार्थना होते हे तू जाणतेसच. एक शिक्षक माइकवर एकेक ओळ म्हणतो, सहाशे मुलं डोळे मिटून तीच ओळ परत म्हणतात. ज्याची पाळी तो शिक्षक वही घेऊन रांगांतून फिरतो. वहीत दोन रकाने आहेत, ‘डोळे’ आणि ‘ओठ’. डोळे मिटलेले असले तर एक बरोबरची खूण, ओठ हलत असले तर दुसरी. ही पद्धत पीटीच्या सरांनी काढली. देवाशी त्यांचं भांडण नाही, पण रांग वाकडी असली तर देवानेही लक्ष देऊ नये असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. (मुलांचे डोळे मिटलेत की नाही हे बघायला आपले उघडे ठेवावे लागतात, तेव्हा सगळ्यात जास्त खाडे खुद्द सरांचेच भरले असते. पण त्यांची वही कोण भरणार?) वर्षाअखेरीस ज्याच्या खुणा जास्त, त्याला तू काकांच्या स्मरणार्थ दिलेला प्रार्थना-चषक मिळतो.

यंदा तो सहावीतल्या एका मुलीला मिळाला. आम्ही सगळे तिला चिमणी म्हणतो, कारण वर्गात तिचा आवाज तेवढाच निघतो. दोन वर्षांत एकही खूण चुकलेली नाही. मोठ्या बाई इतक्या भारावल्या की दुसऱ्या दिवशी त्यांनी आदर्श म्हणून तिलाच माइकवर उभं केलं. पोरगी पांढरीफटक पडली. मला वाटलं, माइकला घाबरली असेल. (मीही घाबरतो, म्हणून तर घुम्या.) मग तिने डोळे मिटले, आणि प्रार्थनेच्याच चालीवर, त्याच हेलकाव्यात म्हणाली, सतरा एके सतरा.

मावशी, सहाशे मुलं म्हणाली, सतरा एके सतरा. ती म्हणाली, सतरा दुणे चौतीस. सहाशे मुलं, बावीस शिक्षक, दारातला शिपाई आणि हात जोडून उभ्या असलेल्या मोठ्या बाई, सगळे तल्लीन होऊन म्हणाले, सतरा दुणे चौतीस. एकाचाही डोळा उघडला नाही. सतरा पाचे पंच्याऐंशीला तर संगीताच्या बाईंनी सुंदर हरकत घेतली. गाडी सतरा आठेपर्यंत सुरळीत गेली आणि सतरा नवेला चिमणी अडली. आणि मी, वीस वर्षं पाढे घोटून घेतलेला माणूस, सवयीने मागून खणखणीत आवाजात ओरडलो, एकशे त्रेपन्न! तेव्हा कुठे सगळ्यांनी डोळे उघडले. माझ्यावर बेशिस्तीचा जो ठपका आहे तो हाच. मी कट शिजवून मुलीकडून पाढा वदवून घेतला, असं अहवालात आहे म्हणे.

नंतर मी चिमणीला विचारलं. तिच्या घरी प्रार्थना होते, पण वेगळी, वेगळ्या शब्दांत. आजीने तिला बजावलं होतं की मनात नसलेलं देवापुढे बोलायचं नाही आणि शिक्षकांना दुखवायचंही नाही. आता दोन्ही एकदम कसं जमवायचं? अकरा वर्षांच्या डोक्याने तोड काढली. ओठ हलले पाहिजेत ना, मग हलतील. मी म्हटलं, अगं, पण पाढाच का? ती म्हणाली, “सर, पाढा कुणाचाच नसतो.” मी तिला सतरा नवेची उजळणी करायला सांगितली आणि पाठ फिरवली, कारण माझे डोळे भरून आले होते.

आता मोठ्या बाईंचा हुकूम असा की चिमणीने चषक परत करावा, सगळ्या शाळेपुढे माफी मागावी, आणि प्रायश्चित्त म्हणून वर्षभर माइकवर प्रार्थना मी सांगावी. मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्याने म्हटलं की शिपाई चहा घेऊन धावत आला. मी नास्तिक झालो अशी आवई उठली आहे, ती तुझ्यापर्यंत पोचली असेल तर सोडून दे. मी रोज सकाळी प्रार्थना करतो, पण घरी, दार लावून. माझ्या हातात खडू आहे आणि वर्षाचा निकालही आहे. त्या हाताने मी खूण केली की पोर हात जोडतं ते मला भिऊन, आणि ती भीती मी देवाच्या नावावर जमा करणार नाही. शाळा सगळ्यांची आहे, फक्त ज्यांना आमचे शब्द पाठ आहेत त्यांची नाही.

मोठ्या बाई म्हणतात, प्रार्थना काढली तर सकाळी पटांगणाचा बाजार होईल. त्यांचं चूक नाही, सहाशे पोरं गप्प करणं चेष्टा नव्हे. म्हणून माझं मागणं एवढंच आहे की घंटा झाल्यावर दोन मिनिटं शांत उभं राहायचं. ज्याला देव आठवायचा त्याने आपला देव आठवावा, ज्याला डबा आठवायचा त्याने डबा. माइक बंद. वही बंद. समितीने बदली केली तर बॅग भरून तयार आहे, पण माइकवर मी उभा राहणार नाही आणि त्या पोरीला माफी मागू देणार नाही.

घरात सर्वांना यथायोग्य सांग. माळ्यावरून उतर.

तुझा,
घुम्या

ता. क. – चषक हरवला आहे असं मी मोठ्या बाईंना सांगितलं, ते खोटं आहे. चिमणीने तो जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्या टेबलावर आणून ठेवला होता. तो प्रयोगशाळेच्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्या खिशात.

आणखी ता. क. – माझ्या बदलीचं काय व्हायचं ते होऊ दे. गुरुवारी तो चषक तू तुझ्या हाताने चिमणीला परत द्यावास, एवढ्यासाठी हे सगळं पत्र लिहिलं.

शेवटचा ता. क. – तू म्हणशील, काकांच्या नावाचा चषक पाढे म्हणणाऱ्याला कसा द्यायचा? काका रोज सकाळी शिलाई मशीनपुढे डोळे मिटून ओठ हलवत बसायचे आणि घरात कुणी भांडं वाजवलं तरी तू ओरडायचीस, आठवतं? लहानपणी एकदा मी त्यांच्या तोंडाजवळ कान नेला होता. छाती अडतीस, कंबर चौतीस, बाही साडेतेवीस. दिवसभराच्या गिऱ्हाइकांची मापं घोकत होते, मावशी. मी कुणाला सांगणार नाही असं वचन त्यांनी घेतलं होतं, ते आज मोडलं. पण सगळी मापं संपली की ते शेवटी एकदा तुझं नाव घ्यायचे, हळूच, आणि मग कात्री उचलायचे.