दिवेलागणीनंतरचं नाव

१२ ऑक्टोबर १९७४

सुटलो एकदाचे! मौद्याच्या तलावात शिंगाडे तोडताना बाबांच्या पायाला जनावर चावलं, म्हणून भाऊ त्यांना इथे शहरात, सदरच्या दवाखान्यात घेऊन आला. मीही धावत पोचले. डॉक्टर विचारतात, "नाग होता की ढोंड्या?" बाबांचं एकच, "जनावर होतं जी." दिवेलागणीनंतर नाव घेतलं की ते घरी येतं म्हणे! मी ओरडले, "बाबा, जीव चालला नं, काहून सांगून नाही राहिले?" तेव्हा कुठे पुटपुटले, "पाण्यातलं. बेडकं खाते थे."

डॉक्टरांनी जखम पुन्हा पाहिली. बारीक दातांची रांग, सूज नाही. बिनविषारी ढोंड्याच!

आता बाबा माझ्याकडे खाटेवर घोरताहेत. किती चिडले मी त्यांच्यावर! पण वर मीच ते नाव लिहून बसले ना, म्हणून आत्ताच खाटेखाली बॅटरी मारून पाहिली.