नववं धुरांडं

साडोवे, १९ ऑक्टोबर

बाळ झोर्याना,

तू आणि मार्को सुखरूप असाल असं धरून चालतो. त्याला पोलंडच्या शाळेत दुपारी गरम जेवण मिळतं ना? इथे बीट काढून झालं. लढाईची आघाडी तीस किलोमीटर मागे सरकली, त्यामुळे कान जरा निवलेत. शेजारच्या हापकाची शेळी व्याली. हापका म्हणते, "याकीम, गावाची वस्ती वाढवणारी एकटी माझी शेळीच उरली."

पुढचं फोनवर सांगायला घेतलं होतं, जीभ वळेना.

मंगळवारी मोठ्या पंचायतीच्या कचेरीत मला संगणकाच्या पडद्यासमोर बसवलं. पलीकडे कीवहून संसदेची समिती. लढाईनंतर कुठल्या गावाला स्वतःचा स्तारोस्ता ठेवायचा आणि कुठलं गाव शेजारच्या गावाला जोडायचं, याचा कायदा करताहेत. म्हणून माझ्यासारख्या गावकारभाऱ्यांना विचारणं. जोडले गेलो तर एका सहीसाठी म्हाताऱ्यांना अठरा किलोमीटर चालावं लागेल.

माणसं किती, असं विचारलं. मी ठोकून दिलं, एकशे बारा. गाव सोडून गेलेले सगळे धरले. तुम्हा दोघांनाही.

समितीत एक खासदार बाई होती, तुझ्याच वयाची. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "काका, सकाळी धूर किती घरांतून निघतो?"

"नऊ," मी म्हणालो.

तिने लिहून घेतलं. नऊ घरांसाठीही भांडेन म्हणाली, पण कागदावर खरं हवं. बाहेर गेलेल्यांपैकी जे परत येणार म्हणून स्वतः लिहून देतील, त्यांनाही धरावं असं ती सभागृहात सुचवणार आहे.

बाळ, घरं आठच आहेत. नववं तुझं. भिंतींनी ओल धरू नये म्हणून रोज सकाळी जाऊन तुझ्या घरातली उबेची भट्टी पेटवतो. दोनच ओंडके. मग थोडा वेळ तिथेच बसतो. हापकाला माहीत आहे.

तीस तारखेच्या आत सही करून घरांचा आकडा पाठवायचा आहे. मी तुला ये म्हणत नाही. तिथे तुझं काम आहे, मार्कोचे मित्र झालेत, ते माझ्यापायी मोडू नकोस. पण यायचं मनात असेल तर दोन ओळी लिही. नसेल तरी लिही, म्हणजे मी आठ लिहीन. माझं खोटं कायद्यात जायला नको.

भट्टी मात्र पेटवत राहीन. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

तुझा बाबा,
याकीम
(अजून तरी साडोवेचा स्तारोस्ता)