स्टार्टर माझ्याकडे

मंगळवार, ८ जुलै

आशाची मुख्याध्यापिकेची ऑर्डर आली. चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर. घरात पेढे. मी दोन खाल्ले. शुगरचं उद्यापासून बघू.

तिचं अभिनंदन करायला उठलो, तेवढ्यात तिला फोन आला. मग दुसरा आला. राहिलं.

वीस तारखेला, रविवारी, घरी पार्टी. श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा रविवार, म्हणजे स्टाफ मोकळ्या मनाने खाईल. शाळेची अठरा माणसं आणि संस्थेचे अध्यक्ष. बिर्याणी केटररची. सुरुवातीला समोसे सांगते म्हणाली. मी म्हटलं, समोसे? मुख्याध्यापिकेच्या घरी? ते काही नाही, स्टार्टर माझ्याकडे.

आशा म्हणाली, "अहो, तुम्ही नुसते तयार होऊन वेळेवर बाहेर येऊन बसा. तेवढं पुष्कळ झालं."

मला त्रास नको म्हणून बोलते बिचारी.

व्हिडिओ सापडला. इझी प्रॉन पफ. वीस मिनिटं. पफची तयार शीट आणायची, चौकोन कापायचे, कोळंबीचं सारण भरायचं, ओव्हनमध्ये ढकलायचं. व्हिडिओतली बाई शेवटपर्यंत पांढऱ्या कुर्त्यात, एक डाग नाही. हिला जमतं तर सव्वीस वर्षं सरकारी फायली सांभाळलेल्या माणसाला का नाही?

एक नोंद करून ठेवतो. मी नोव्हेंबरात स्वेच्छानिवृत्ती घेतली ती स्वेच्छेनेच. प्रमोशनच्या यादीशी तिचा संबंध नव्हता. मला साहेब व्हायचंच नव्हतं.

बुधवार, ९ जुलै

मासळी बाजार. ताजी कोळंबी मागितली. मासेवाली हसली. "दादा, समुद्र बंद हाय. एकतीस तारखेपर्यंत बोटी जात नाय. धरणातला मासा न्या."

मी म्हटलं, मला पफ करायचेत. ती म्हणाली, "काय बी करा, समुद्र बंद हाय."

सरकारी माणसाला सरकारी बंदी माहीत नव्हती, असं नाही. विसरलो होतो. फ्रोझन आणली. पाकिटावर 'लार्ज'. वितळल्यावर मीडियम. धुतल्यावर शेंगदाणे. चवीला आकार नसतो.

शुक्रवार, ११ जुलै

पफ शीट मिळाली. पाकिटावर लिहिलंय, वापरण्यापूर्वी थॉ करा. म्हणजे गारठा घालवा. फ्रीजच्या वर ऊब असते म्हणून फ्रीजच्या वर ठेवली आणि जरा आडवा झालो.

साडेपाचला उठलो. शीट फ्रीजच्या दारावरून हँडलपर्यंत उतरली होती.

वेदिका कॉलेजातून आली. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे बापाला प्रश्न विचारायची सवय. "पप्पा, फ्रीजला प्लास्टर केलंय का?"

दुर्लक्ष केलं. लोणी सुटायला लागलंय, म्हणजे शीट अस्सल आहे. एवढं तरी सिद्ध झालं.

रविवार, १३ जुलै

पहिली ट्रायल. आपल्याकडे मायक्रोवेव्ह आहे. ओव्हन आणि मायक्रोवेव्ह एकच, फक्त नाव मोठं.

एकच नाही. पफ पांढरेच राहिले. फुगले नाहीत, उलट खाली बसले. आशाने एक उचलला, बराच वेळ चावला. मी विचारलं, कसा आहे? म्हणाली, "उकडीची करंजी म्हणून चांगली आहे."

पहिल्याच ट्रायलला 'चांगली आहे'. उत्साह वाढला.

आज अभिनंदन करणार होतो, पण तोंडात पफ होता. तिच्याही.

मंगळवार, १५ जुलै

खालच्या मजल्यावरच्या संजना वहिनींकडे ओटीजी आहे. ओटीजी म्हणजे खरा ओव्हन, लाल कांड्यांचा. त्या केक करून विकतात. माळकरी घर, अंडंसुद्धा नाही. मी म्हटलं, पफ करायचेत, आठवडाभर द्या. त्यांनी आनंदाने दिला. पफ कशाचे ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. बहुतेक.

गुरुवार, १७ जुलै

सासूबाई, विठाबाई, घोटीहून आल्या. लेक हेडमास्तरीण झाली म्हणून भाताची लावणी अर्धी टाकून आल्या. आल्या आल्या आशाला पोटाशी धरलं आणि दोघी रडल्या. मी सारण परतत होतो, त्यामुळे रडता आलं नाही.

विठाबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर, पण नाक शाबूत. कढईत वाकून म्हणाल्या, "जावईबापू, ह्याला लसूण कुठंय?"

मी सांगितलं, ही कॉन्टिनेन्टल पद्धत आहे. मिरपूड आणि चीज.

"मंग कोळंबी कशाला मारली?"

ती आधीच मेलेली होती, हे सांगायचं सुचलं नाही.

दुसरी ट्रायल ओटीजीत. बारा पफ. सात फुटले, तीन खालून करपले, एक ट्रेला चिकटला. एक फुगला! सोनेरी! अगदी व्हिडिओसारखा. त्याचा फोटो काढून जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. एक अंगठा आला. तोही नंतर काढून घेतला, चुकून पडला असावा.

निष्कर्ष: एक जमला म्हणजे साठ जमतील. पद्धत तीच असते.

शुक्रवार, १८ जुलै

संजना वहिनी वर आल्या. जिन्यात वास येत होता म्हणाल्या. नाकाला पदर. ओटीजीकडे बघितलं, ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, घासून देतो. त्या म्हणाल्या, "नको भाऊ. आता तो तुमच्याकडेच राहू द्या."

फार मोठ्या मनाची बाई. ओव्हन भेट दिला.

संध्याकाळी आशा त्यांच्याकडे जाऊन तासभर बसून आली. आल्यावर माझ्याशी बोलली नाही. शाळेचा ताण असणार. वर्षाची सुरुवात आहे.

शनिवार, १९ जुलै

नियोजन पूर्ण. पफ साठ. वेळ वीस मिनिटं. पाहुणे साडेसहाला. म्हणजे सहाला सुरू केलं तरी दहा मिनिटं हातात. तरी पाचला सुरू करणार. मी जबाबदार माणूस आहे.

वेदिकाने विचारलं, ट्रेमध्ये एका वेळी किती मावतात? म्हटलं, नऊ. ती बोटांवर काहीतरी मोजत आत गेली. आजकालच्या मुलांना साधा हिशेबही तोंडी येत नाही.

आशाने इस्त्री केलेला कुर्ता दाराला लावून ठेवला. म्हणाली, "सात वाजता सत्कार आहे. अध्यक्षांनी जोडीने बसा म्हणून सांगितलंय. दोघांना शाल. तेवढा वेळ ओट्यापासून बाजूला व्हा, एवढंच मागते."

मी म्हटलं, हे काय सांगायला हवं?

रविवार, २० जुलै

सायं. ४.५५. ॲप्रन घातला. ओटीजी गरम. चित्त शांत.

५.४०. पहिले नऊ बाहेर. चार उत्तम, म्हणजे चार वाईट नाहीत. वीस मिनिटं ही व्हिडिओत कापून दाखवलेली वेळ होती, असं दिसतं.

६.२०. शीट मऊ पडते आहे. हवा दमट. कापायला गेलो की सुरीला मिठी मारते. हाताने आकार देतोय. कलात्मक दिसतात.

६.३५. पाहुणे आले. ओटीजी, मिक्सर आणि पाहुण्यांसाठी लावलेला कूलर एकदम चालल्यामुळे घरची लाइट गेली. बाहेरून कोणीतरी म्हणालं, "मॅडमचं स्वागत अंधारात!" सगळे हसले. वातावरण हलकं करण्यात माझा वाटा.

६.४५. लाइट आली. सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "जावईबापू, सोडा आता. कापडं बदला." मी म्हटलं, हा घाणा निघाला की.

७.००. आशाने हाक मारली.

७.०५. पुन्हा मारली. नऊ आत आहेत, आत्ताच फुगायला लागलेत. दार उघडलं तर बसतील. ओरडून सांगितलं, पाच मिनिटं!

७.१५. वेदिका आली. "पप्पा, सगळे थांबलेत." म्हटलं, सुरू करा, आलोच. ती म्हणाली, "तुमचा पण सत्कार आहे." म्हटलं, मी सत्काराचा भुकेला नाही. ती गेली. ओव्हनमधले बसले. तिने दार उघडं ठेवलं त्यामुळे.

७.३०. बाहेर टाळ्या. बराच वेळ चालल्या. आशा बोलत होती. शब्द कळले नाहीत, एक्झॉस्ट चालू होता.

७.४०. बाहेर डोकावलो. सगळ्यांच्या हातात प्लेट. प्लेटमध्ये समोसे. सासूबाईंना विचारलं, हे कुठून आले? म्हणाल्या, "आशानं आठ तारखेलाच सांगितले व्हते."

आठ तारखेला! म्हणजे शाळेच्या पोरांवर जेवढा विश्वास ठेवते तेवढाही...

७.५०. उरलेलं सारण सासूबाईंनी काढून घेतलं. लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर. कढईचा आवाज झाला तशी माणसं दारात गोळा झाली. अध्यक्षांनी दोन वाट्या घेतल्या. मूळ कोळंबी माझी, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

८.००. एक चांगली गोष्ट झाली. पाणी प्यायला स्वराज सर म्हणून नवीन शिक्षक आत आले. मी एक पफ पुढे केला. चांगल्यांपैकी. त्यांनी खाल्ला. सगळा. म्हणाले, "काका, एकटेच केवढं सांभाळताय! तुमचा नंबर द्या. पुढच्या महिन्यात बहिणीचा साखरपुडा आहे." दिला. पीठ लागलेल्या हाताने त्यांच्याच मोबाइलवर टाइप करून दिला.

एकाने ओळखलं. एक पुरे.

सोमवार, २१ जुलै

काल थोडं जास्त झालं. पण आढावा घेतला तर कारणं स्पष्ट आहेत. (१) मासेमारी बंदी. (२) दमट हवा. (३) कूलर. (४) सतत हाका.

शाळेच्या ग्रुपवर फोटो आले. आशा एकटी खुर्चीवर, शाल, नारळ. शेजारची खुर्ची रिकामी. तिच्यावर दुसरी शाल घडी करून ठेवलेली. एका फोटोत मागे स्वयंपाकघराच्या दारात माझं कोपर आहे. ॲप्रनवरून ओळखू येतं.

सासूबाई सकाळच्या गाडीने घोटीला गेल्या. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाल्या, "तुमी काय वाईट माणूस नाय." एवढंच. पुढे 'पण' येईल म्हणून थांबलो होतो, आला नाही.

आशा साडेसहालाच शाळेत. मी उठलो तेव्हा टेबलावर चहा झाकून ठेवला होता.

मंगळवार, २२ जुलै

उरलेले एकोणीस पफ खाली कुत्र्यांना घातले. पहिल्याने वास घेतला आणि दुसऱ्याकडे बघितलं.

रात्री जेवताना आशाला म्हटलं, अभिनंदन. ती म्हणाली, "कशाचं?" खरंच विचारत होती. मी म्हटलं, ऑर्डरचं. ती म्हणाली, "बरं." मग वाढलं.

बुधवार, २३ जुलै

११.२०. स्वराज सरांचा फोन! घाईघाईने पेन आणि कागद घेतला. साखरपुड्याला किती माणसं, किती पफ, मी सगळं विचारायच्या तयारीत.

सर म्हणाले, "काका, पफ नको. घरी कोणी मासे खात नाही. पण मॅडमच्या घरच्या खुर्च्या तुमच्याच होत्या ना? लाल कव्हरवाल्या?"

मी म्हटलं, सर, गैरसमज होतोय. मी केटरर नाही. मी मॅडमच्या घरचा...

"हो हो, घरचेच आहात ना तुम्ही, म्हणून तर विचारलं. मॅडमच्या मिस्टरांना विचारणार होतो, पण ते नसतात म्हणे. रविवारी सत्काराच्या वेळीपण अध्यक्षांनी विचारलं तर मॅडम म्हणाल्या, मिस्टर चांदवडला गेलेत, महत्त्वाचं काम निघालं."

मी चांदवडला शेवटचा कधी गेलो होतो ते आठवून बघितलं. सहा-सात वर्षं झाली असतील.

तिकडून सर हॅलो हॅलो करत होते.

मी म्हटलं, हो, ते चांदवडलाच होते. खुर्च्या किती हव्यात?