टाकी कुठं बसणार?

रविवार, ९ जानेवारी २००५. कळमनुरी

निश्चय झाला. गाडी गॅसवर चालवायची!

सकाळची वंदना आटोपून कागद घेतला आणि मध्ये उभी रेघ ओढली. डावीकडे पूर्वपक्ष, उजवीकडे उत्तरपक्ष. चाळीस वर्षे न्यायालयात उभे राहिलेल्या माणसाला निवृत्तीनंतर घरातही बाजू मांडल्यावाचून राहवत नाही. पूर्वपक्षात तीन आक्षेप निघाले: गॅस पेट घेईल, इंजिनाची ओढ घटेल, गॅसचा पंप केवळ नांदेडला आहे. जेवणापूर्वी तिन्ही निकालात काढले.

हा खटाटोप कशासाठी, तेही नोंदवतो. पेट्रोल परवडेना म्हणून आमची लहान पांढरी गाडी बहुतेक काळ कापडाखाली उभी असते. एस.टी.च्या पायऱ्या माझी पत्नी पद्मा हिच्या गुडघ्यांना चढवत नाहीत. तिची धाकटी बहीण जिवनबाई जवळा बाजार या गावी असते. दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले, तेव्हा दोघी बहिणी भेटल्या, त्या शेवटच्या. त्यानंतर जिवनबाई त्या घरात एकटी आहे आणि पद्मा येथे तिचे नाव काढून गप्प होते.

गाडी गॅसवर गेली की दर पंधरवड्याला जवळा बाजार! या निष्कर्षात मला कोठेही छिद्र दिसत नाही.

मंगळवार, ११ जानेवारी

पद्माला सांगितले. ती ज्वारी निवडत होती. हात थांबला.

"जिवनाकडं जाता येईल म्हन्ता?"

"केव्हाही."

चेहरा उजळला. मग तिने एकच प्रश्न विचारला, "टाकी कुठं बसनार?"

"डिकीत," म्हटले, आणि प्रश्नामागचे भय ओळखून पोलादाची जाडी, तपासणीचा दाब, गळती झाल्यास आपोआप बंद होणारी झडप, सारे क्रमाने समजावले. वीस मिनिटे लागली. तिने एकही शब्द उच्चारला नाही.

ज्याचा इन्कार केला नाही ते मान्य समजावे. दाव्याच्या कामात हाच नियम आहे.

संध्याकाळी ती कोपऱ्यावरच्या फोनवरून जिवनबाईशी बोलून आली. येताना हसत होती!

शुक्रवार, १४ जानेवारी

शेजारच्या दगडोबांना बातमी लागली. त्यांचा छोटा टेम्पो आहे. बाजाराच्या दिवशी इतरांचा कापूस, सोयाबीन जवळा बाजारला नेतात आणि येताना रिकामे येतात, ही त्यांची कायमची तक्रार.

"वकीलसाहेब, नांदेडला काहून जाऊन राहिले? बाळापुरात एक जण घरचं सिलेंडर उलटं टांगून भरून देतो."

"ते बेकायदा आहे, दगडोबा. आणि जीवघेणेही."

"बेकायदा तं हायच. पर बराबर चालतं!" मग गाडीभोवती एक फेरी मारून, "मंग वाटंनं बॉनेटवर भाकरीबी भाजून घ्या. वैनीची तकलीफ वाचंल."

हे युक्तिवादाचे उत्तर नव्हे, असे मी त्यांना सांगितले. ते अधिकच हसले.

बुधवार, १९ जानेवारी

कापड काढून गाडी धुतली. दुपारी पाहतो तो पद्मा डिकी उघडून उभी. वितीने आतली रुंदी मोजत होती. सहा विती आणि चार बोटे, असे काहीसे पुटपुटली.

"काय पाहतेस?"

"काही न्हाई. जागा पाहून राहिले."

टाकी आणि मागचे आसन यांत किती अंतर राहील हे ती अजमावत असणार. म्हणजे भयाचा आक्षेप अद्याप जिवंत आहे! कागदी पुराव्याने भागणार नाही. साक्षीदार उभा करावा लागेल.

सोमवार, २४ जानेवारी. नांदेड

काय दिवस!

सातला निघालो. आखाडा बाळापूरला चहा, आणि दहाच्या सुमारास धर्मसिंगच्या गॅरेजात. चाळिशीचा, स्वच्छ हातांचा कारागीर. प्रथम मी मान्यताप्राप्त किटचे प्रमाणपत्र, टाकीवरचा तपासणीचा शिक्का आणि आर.सी. बुकातील नोंदीचे कागद मागितले. त्याने न चिडता पुढे ठेवले.

"वकीलसाब, आप कुर्सी पे बैठो. सवाल बाद में."

खुर्चीवर बसलो. सवाल थांबवले नाहीत. तांब्याची नळी गाडीच्या पोटाखालून पुढे गेली. इंजिनाशेजारी एक डबा बसला, ज्यात इंजिनाच्या गरम पाण्याने द्रवाचा वायू होतो. किती नेटकी योजना! शेवटी टाकी डिकीत आडवी चढली आणि पट्ट्यांनी आवळली गेली.

"अब इसमें थैली भी नै बैठती, साब," धर्मसिंग म्हणाला.

"आम्हा दोघांना सामान ते कितीसे?"

चार वाजता गाडी पेट्रोलवर सुरू केली. मग त्याने मला गॅसची कळ दाबायला सांगितले. इंजिनाने एक उचकी दिली, आणि आवाज निराळाच झाला — मऊ, एकसारखा! मी टाळी वाजवली. एकाहत्तराव्या वर्षी, भर गॅरेजात. साक्षीदार अनेक होते. इन्कार करणार नाही.

शनिवार, २९ जानेवारी

धर्मसिंगला हिंगोलीत काम होते. वाटेत त्याला घरी उतरवून घेतले. त्याने पद्मासमोर प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा नाही!

"भाभीजी, डरने का नै. रसोई में सिलेंडर के बाजू में बैठते ना आप?"

"भेव कोन म्हनलं?" पद्मा म्हणाली. "मला कायचं भेव?"

आक्षेप मागे घेतला गेला! पुढच्या रविवारी जायचे ठरले.

"जाऊ," ती म्हणाली. "पर..."

"पर काय?"

"काही न्हाई. चहा निवून राहिला."

अर्धवट राहिलेले विधान पुराव्यात धरता येत नाही. विषय संपला.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

काच तिसऱ्यांदा पुसली. रविवार अजून तीन दिवस दूर आहे!

रविवार, ६ फेब्रुवारी

जाताना गाडी देखणी धावली. औंढ्याच्या चढावर दुसरा गिअरसुद्धा लागला नाही. पद्मा शेजारी ताठ बसली होती. भयाचे एकही चिन्ह नाही.

जिवनबाईच्या दारात गाडी थांबवली आणि पाहिले — उंबऱ्याशी मोठी पत्र्याची पेटी, सुंभाने बांधलेली. वर वळकटी. घराला कुलूप. शेजारच्या बाया निरोप द्यायला उभ्या.

"आले का दाजी! महिना होत आला, पेटी भरून बसले. ताईनं फोन केला त्याच राती भरली. उघडा डिकी!"

डिकी उघडली. टाकी चकाकत होती.

मी पद्माकडे वळलो. "जिवनबाईला कायमचे आणायचे, हे मला सांगायचे नाही?"

"इचारलं कवा तुमी? मी इचारलं व्हतं, टाकी कुठं बसनार. तुमी पोलादाची जाडी सांगून राहिले."

"मग हिला तरी कळवायचे."

"भरलेली पेटी सोड म्हनून सांगू? माझ्यानं न्हाई झालं. वाटलं, बाजूला थोडी जागा ऱ्हाईल."

पेटी मागच्या दारातून घालून पाहिली. दोन बोटांनी अडली. सामान चादरीत बांधून आसनावर ठेवू, पेटी मागाहून नेऊ, असे मी सुचवले. जिवनबाई पेटीवर जाऊन बसली.

"बोचकं घेऊन पाहुनी येती, दाजी. ऱ्हायला येनारी पेटी घेऊन येती. मला चार दिवसांची पाहुनी व्हायचं न्हाई."

एवढे बिनतोड विधान मी न्यायालयातही क्वचितच ऐकले आहे.

"न्हाई तं मला टाकीवर बसवा," ती म्हणाली. बाया हसल्या. तिचा आवाज मात्र शेवटी फुटला.

येताना गाडीत आम्ही दोघेच. पद्माने पूर्ण वाटभर खिडकीबाहेर पाहिले.

सोमवार, ७ फेब्रुवारी

सकाळी म्हटले, "टाकी काढून टाकतो. जिच्याकडे जाण्यासाठी बसवली, तीच येथे राहणार असेल तर टाकीचे प्रयोजन उरत नाही." मग थांबलो. विचारले, "तुझे काय म्हणणे?"

"टाकी ऱ्हाऊ द्या. पेटी दगडोबाभाऊंच्या टेम्पोत येईल, बाजारातून रिकामाच येतो तो. सांगून आले मी. जिवना पेटीच्या मागं मागं, आपल्या गाडीत. पुढच्या शिटावर. मी मागं बसन."

त्यानंतर तिने सांगितले, की जिवनबाईची खाट कोठे पडेल, आणि तिघांनी मिळून कोठे कोठे हिंडायचे आहे.

वीस मिनिटे बोलली. मी ऐकले.