न झालेल्या बैठकीचं इतिवृत्त

मॉस्को, १२ मार्च

प्रिय वेन्या,

तीन दिवस तुझे फोन मी मुद्दाम घेतले नाहीत. बोलायला लागले की मी भांडते आणि तू हसून विषय बदलतोस. कागदावर तुला तसं करता येणार नाही.

ब्याण्णवच्या हिवाळ्यात आपल्या नव्या विद्यापीठाला मिळाली ती एक बंद पडलेली बालवाडी. गुडघ्याएवढ्या खुर्च्या, भिंतीवर रंगवलेले ससे, आणि थंडी इतकी की कोट घालूनच शिकवायचं. सोव्हिएत संघ कोसळला होता आणि आपण जन्मभर शिकवलेलं अर्थशास्त्र वर्षभरात रद्दीत गेलं होतं. पावाचा भाव सकाळी एक, संध्याकाळी दुसरा, आणि तो का वाढतो हे आपल्यालाच धड सांगता येत नव्हतं. बाहेरदेशीचे प्राध्यापक आधी आपल्याला शिकवायचे, मग आपलीच परीक्षा घ्यायचे. पहिल्या परीक्षेत तू नापास झालास. मफलर गुंडाळत सगळ्यांसमोर म्हणालास, "एकेचाळीस वर्षांचा घोडा नापास होऊन घरी चाललाय. आईला काय सांगू?" आम्ही हसून हसून बेजार झालो. दुसऱ्या दिवशी मात्र वर्गात सगळ्यांच्या आधी तूच हजर होतास. अशा माणसाच्या भरवशावर मी जुन्या विद्यापीठातली कायमची नोकरी सोडली होती, आणि त्याचा मला कधी पस्तावा झाला नाही. या वर्षापर्यंत.

बालवाडी दोन वर्षांत अपुरी पडली. मग एका बंद कारखान्याचे तीन मजले मिळाले, मग नदीकाठची इमारत, आणि आता चार शहरांत मिळून तीस हजार मुलं. तू उपकुलगुरू झालास तेव्हा मला थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण अभिमान जास्त वाटला.

अग्लाया तुझीच विद्यार्थिनी. मी विभागप्रमुख, म्हणून तिला शिकवायला ठेवून घे असं तूच माझ्या मागे लागला होतास. उरल पर्वताकडच्या कारखान्यांच्या गावांत दोन वर्षं हिंडून तिने मजुरांच्या पगाराचे आकडे गोळा केले. सरकारातले लोक पगार वाढले म्हणत होते, तिला ते घटलेले दिसले. तिने ते छापलं. कुणाचा तरी तुला फोन आला आणि आठवड्याभरात तिचा विषय बंद, नोकरीही गेली. कारण काय, तर म्हणे विद्यार्थी मिळत नाहीत. अरे, तिच्या वर्गात मुलं खिडकीत बसायची! तू मला खोलीत बोलावून घेतलंस, स्वतः चहा ओतलास आणि तिला काढायचं ठरवणाऱ्या विभागाच्या बैठकीचं इतिवृत्त सहीसाठी पुढे सरकवलंस. ही बैठक झाली कधी, असं मी विचारलं. "झाली असं समज, रिम्मा. एक मुलगी गेली तर विद्यापीठ वाचतं," असं म्हणून तू मला साखर दिलीस. त्या साखरेची मला अजून चीड येते. आकडा लपवून वाचणारं विद्यापीठ हवं होतं, तर जुनं काय वाईट होतं?

पण सही मी केली, वेन्या. तू माझा हात धरला नव्हतास. निवृत्तीला दोनच वर्षं आहेत, एवढाच विचार केला. गेल्या सोमवारी अग्लाया मला जिन्यात भेटली. तिने दावा लावलाय, ते तुला ठाऊक आहेच. आवाज न चढवता तिने विचारलं, "रिम्मा पाव्लोव्हना, तुम्ही होतात ना त्या बैठकीत? मग माझ्या तोंडावर का नाही सांगितलंत?" ती बैठक खरंच झाली असं तिला वाटतंय. वर्गाला उशीर होतोय म्हणत मी जिना उतरले. तिला उत्तर मी परवा सकाळी न्यायालयात देणार आहे: बैठक झालीच नाही, कागद खोटा आहे आणि खालची सही माझी आहे. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. विद्यापीठाच्या वतीने तू समोर बसलेला असशील. ते तिथे बसून पहिल्यांदा ऐकायची पाळी तुझ्यावर येऊ नये, म्हणून हे लिहिलं; आजच तुझ्या दारात ठेवते. तुझ्या हातात उद्याचा दिवस आहे. तू आधी खरं सांगितलंस तर मला बरं वाटेल, पण मी आता तुझ्यासाठी थांबणार नाही.

अजून तरी तुझीच,
रिम्मा