पारंपरिक नव्हे, मी

ती. दादास,
धाकटीचा नमस्कार.

आपली प्रार्थना रेडिओवर वाजते, त्याचं मानधन गीतकार-संगीतकारांची संस्था तुला पाठवते. नोंदणीच्या वेळी तू विचारलंस, "शब्दांपुढे कोणाचं नाव घालू?" मी म्हटलं, "देवाच्या गाण्याला माझं नाव कशाला?" तू 'पारंपरिक' लिहिलंस आणि चालीबरोबर शब्दांचा वाटाही तुलाच मिळू लागला.

परवा नात शाळेतून येऊन म्हणाली, "आजी, ही प्रार्थना कोणी लिहिली ते म्हणे कोणालाच ठाऊक नाही." ते मात्र मला लागलं. मी थेट संस्थेत गेले.

साहेब म्हणाले, "आजी, पारंपरिक म्हणजे कवी केव्हाच गेलेला असतो."

"मग मी बसू कुठे?"

त्यांनी हसून खुर्ची दिली. ध्वनिमुद्रणात तू गाळलेलं तिसरं कडवं मी म्हणून दाखवलं. मी ते लिहिलं तेव्हा पहिल्यांदा माझ्याबरोबर म्हणणाऱ्या दोन शेजारणी सोबत आल्या होत्या, त्यांनी साक्षीच्या सह्या केल्या. माझं नाव लागलं.

यापुढे निम्मा वाटा माझा. देवाला सांगितलंय, त्याची हरकत दिसत नाही. हे पत्र टाकत नाही, तेवढाच तिकिटाचा खर्च वाचेल. संस्थेच्या पुढच्या हिशेबात तुझ्या नावाशेजारी माझं नाव छापून येईल, तेव्हा तुला सगळं कळेलच.

तुझी बहीण,
गीतकार